अमेरिकन खटल्यांतून नागरी स्वातंत्र्याचा अभ्यास: सुरुवात कशी करावी

अमेरिकेची राज्यघटना लहान आहे. सात अनुच्छेद आणि सत्तावीस दुरुस्त्या एका बैठकीत वाचून होतात. पण अटक केल्यावर चौकशीआधी पोलिसांनी संशयिताला काय सांगायला हवे, विद्यार्थ्याला निषेधाची फीत बांधून वर्गात बसता येते का, मोबाइल कंपनीकडून माणसाच्या हालचालींची नोंद मागवायला वॉरंट लागते का, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही. ही उत्तरे खटल्यांत आहेत, त्यामुळे निकालपत्रे वाचायला शिकणे हाच या अभ्यासाचा मोठा भाग.

नवखे वाचक बहुधा गाजलेल्या खटल्यांची यादी करून ती पाठ करू लागतात. नावे लक्षात राहतात, कायदा कळत नाही. त्यापेक्षा एकच प्रश्न निवडा, त्यावरचे खटले कालक्रमाने लावा आणि प्रत्येक निकालाने आधीच्या निकालातले काय ठेवले व काय छाटले ते पाहा. एका प्रश्नावरचे चार-पाच खटले नीट वाचले, तर विखुरलेल्या चाळीस सारांशांपेक्षा जास्त हाती लागते.

आधी घटनेचा मजकूर

पहिल्या दहा दुरुस्त्या १७९१ साली लागू झाल्या. यांनाच ‘बिल ऑफ राइट्स’ म्हणतात. सुरुवातीला त्यातल्या पाच पुरतात: पहिली (धर्म, भाषण, वृत्तपत्रे, सभा, सरकारकडे दाद मागणे), चौथी (झडती आणि जप्ती), पाचवी (स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही), सहावी (ज्यूरी, म्हणजे निर्णय देणारे नागरिकांचे पंचमंडळ, आणि वकील) आणि आठवी (क्रूर शिक्षांना बंदी). त्यांच्या जोडीला १८६८ची चौदावी. या सहा दुरुस्त्या छापून वाचताना शेजारी ठेवा.

चौदावी का, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘बॅरन विरुद्ध बाल्टिमोर’ (१८३३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की बिल ऑफ राइट्स फक्त फेडरल (केंद्र) सरकारला बांधते, राज्यांना नाही. यादवी युद्धानंतर आलेल्या चौदाव्या दुरुस्तीने राज्यांवर बंधन घातले: योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कोणाचेही जीवित, स्वातंत्र्य वा मालमत्ता हिरावून घ्यायची नाही. या वाक्याच्या आधारे न्यायालयाने पुढे एकेक हक्क राज्यांना लागू केला. ‘गिटलो’मध्ये (१९२५) भाषणस्वातंत्र्य राज्यांनाही लागू आहे हे गृहीत धरले गेले. ‘मॅप’ने (१९६१) बेकायदा झडतीतला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतूनही बाद ठरवला, ‘गिडियन’ने (१९६३) गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला. अवाजवी दंडाविरुद्धचा हक्क तर ‘टिम्ब्स’मध्ये (२०१९) लागू झाला, आणि ग्रँड ज्यूरीची (गंभीर खटला चालवावा का हे आधी ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाची) अट आजही राज्यांवर नाही. पहिल्या दुरुस्तीच्या मजकुरात नाव फक्त काँग्रेसचे आहे. तरी ती आयोवा राज्यातल्या एखाद्या सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला बांधते ती चौदाव्या दुरुस्तीमुळे.

दुसरी गोष्ट, हे हक्क सरकारविरुद्धचे आहेत. खासगी कंपनीने किंवा खासगी महाविद्यालयाने कोणाचा मजकूर काढून टाकला, तर पहिल्या दुरुस्तीचा भंग होत नाही. सरकारी शाळेने तेच केले, तर प्रश्न उभा राहतो. खटला वाचताना समोर सरकारचा कोणता हात आहे, ते पहिल्याच पानावर शोधा.

भारतीय घटना शिकलेल्या वाचकांनी आणखी काही फरक ध्यानात घ्यावेत. आपल्या अनुच्छेद १३मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा शून्यवत ठरेल असे लिहिलेच आहे. अमेरिकन घटनेत असे वाक्य नाही. घटनाविरोधी कायदा रद्द ठरवण्याचा न्यायालयाचा अधिकार ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’मध्ये (१८०३) सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी घटनेच्या रचनेवरून मांडला. आपल्या अनुच्छेद १४३प्रमाणे राष्ट्राध्यक्षांना तिथे न्यायालयाचा सल्ला मागता येत नाही, आणि पत्रावरून जनहित याचिका दाखल होत नाही. स्वतःचे प्रत्यक्ष नुकसान दाखवणारा माणूस लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपल्याकडे भाषणावर कोणत्या कारणांनी निर्बंध घालता येतील याची यादी अनुच्छेद १९(२)मध्ये आहे. तिकडे अशी यादी नाही, मर्यादा न्यायालयाने घडवलेल्या कसोट्यांतून येतात. त्यामुळे प्रत्येक निकालपत्रात तुम्ही शोधायची ती कसोटी.

उद्धरण वाचणे आणि निकाल शोधणे

‘३९३ यू.एस. ५०३ (१९६९)’ याचा अर्थ ‘युनायटेड स्टेट्स रिपोर्ट्स’ या अधिकृत मालिकेचा ३९३वा खंड, पान ५०३, निकालाचे साल १९६९. पुढे स्वल्पविराम देऊन ५०८ लिहिले असेल, तर नेमका मुद्दा त्या पानावर आहे. पहिले नव्वद खंड संकलकांच्या नावांनी ओळखले जात, म्हणून ‘मार्बरी’ ‘५ यू.एस. (१ क्रँच) १३७’ असा दिसतो. ‘एस. सीटी.’ हे संक्षेप खासगी प्रकाशकाच्या मालिकेचे, निकाल तोच. ‘एफ.’, ‘एफ.टूडी’, ‘एफ.थ्रीडी’ दिसले तर तो बहुधा फेडरल अपील न्यायालयाचा निकाल, आणि ‘एफ. सप.’ असेल तर फेडरल जिल्हा न्यायालयाचा. नावावर विसंबू नका: न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे प्रथम सुनावणीचे न्यायालय आहे आणि सर्वोच्च न्यायालयाचे नाव ‘कोर्ट ऑफ अपील्स’.

पैसे कुठेच भरावे लागत नाहीत. नवे निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर, जुने खंड लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे. शोधायला सोपी म्हणजे कॉर्नेल विद्यापीठाची लीगल इन्फर्मेशन इन्स्टिट्यूट आणि जस्टिया. खालच्या न्यायालयांसाठी कोर्टलिसनर. ओयेझ या संकेतस्थळावर युक्तिवादांची ध्वनिमुद्रणे आहेत, १९५५पासूनची. एखाद्या दुरुस्तीवर आजवर काय झाले याचा आढावा हवा असेल, तर ‘कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅनोटेटेड’ उघडा. शोधताना नाव रोमन लिपीत लिहा. त्यापेक्षा खंड आणि पान टाकले तर चुकीचा खटला उघडण्याची शक्यता फार कमी होते.

फाइल उघडल्यावर सुरुवातीला ‘सिलॅबस’ नावाचा सारांश दिसेल. तो न्यायाधीशांनी लिहिलेला नसतो. न्यायालयाचा निकाल-संकलक तो तयार करतो आणि तो निकालाचा भाग नाही. ‘डेट्रॉइट टिंबर’ (१९०६) खटल्याचा हवाला देऊन तसे तिथेच छापलेले असते. वाट कळावी म्हणून तो वाचा, पण उद्धृत करू नका. अनेक लेखांत न्यायालयाच्या तोंडी घातलेली वाक्ये प्रत्यक्षात या सारांशातली असतात.

पहिले निकालपत्र: टिंकर

सुरुवातीला ‘टिंकर विरुद्ध डे मॉइन’ घ्या, म्हणजे वर दिलेले ३९३ यू.एस. ५०३. तथ्ये सोपी आहेत, निकाल आटोपशीर आहे आणि विरोधी मत जोरदार आहे. तो तीनदा वाचा, दर वेळी वेगळ्या गोष्टीसाठी.

पहिल्या वाचनात फक्त घटना आणि खटल्याचा प्रवास टिपा. डिसेंबर १९६५मध्ये आयोवातल्या डे मॉइन शहरात काही कुटुंबांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काळ्या फिती बांधायचे ठरवले. मुख्याध्यापकांना हे कळले आणि त्यांनी आधीच नियम केला: फीत काढा, नाहीतर निलंबन. तेरा वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ जॉन आणि क्रिस्टोफर एकहार्ट फिती बांधून गेले आणि निलंबित झाले. वडिलांमार्फत त्यांनी फेडरल जिल्हा न्यायालयात दावा लावला, तो फेटाळला गेला. आठव्या विभागाच्या अपील न्यायालयात मते समसमान पडली, म्हणून खालचा निकाल कायम राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २४ फेब्रुवारी १९६९ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी तो फिरवला. हा प्रवास टिपायचा कंटाळा येतो, पण वरच्या न्यायालयाने नक्की काय रद्द केले ते त्याशिवाय कळत नाही.

दुसऱ्या वाचनात प्रश्न आणि कसोटी शोधा. प्रश्न एका वाक्यात लिहा आणि त्यात तथ्ये घाला. ‘विद्यार्थ्यांना भाषणस्वातंत्र्य आहे का?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे. ‘शांतपणे, कोणाला त्रास न देता फीत बांधणाऱ्या विद्यार्थ्याला, गोंधळाची ठोस शक्यता दिसत नसताना सरकारी शाळा शिक्षा करू शकते का?’ असे लिहिले, तर कसोटी आपोआप पुढे येते. न्यायमूर्ती एब फोर्टास यांनी ठेवलेली अट अशी: शाळेच्या कामकाजात भरीव आणि खरा व्यत्यय येईल, किंवा इतरांच्या हक्कांवर अतिक्रमण होईल, हे शाळेने दाखवायला हवे. गडबड होईल अशी मोघम भीती पुरत नाही (पान ५०८).

आता न्यायालयाने कोणत्या तथ्यांवर बोट ठेवले ते पाहा. अठरा हजार विद्यार्थ्यांपैकी मोजक्यांनीच फिती बांधल्या होत्या. राजकीय बिल्ले चालत होते, नाझींचे चिन्ह मानला जाणारा आयर्न क्रॉसही काहींनी वापरला होता, बंदी मात्र एकाच मताच्या खुणेवर आली. ही तथ्ये काढून टाकली तर निकाल उभा राहत नाही. निकालाचा बंधनकारक भाग ओळखण्याची उत्तम रीत हीच: एकेक तथ्य मनातल्या मनात बदला आणि विचारा, निकाल हाच राहिला असता का? सर्व चिन्हांवर सरसकट बंदी असती तर? त्या दिवशी हाणामारी झाली असती तर?

तिसरे वाचन विरोधी मताचे. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी त्याच नोंदींतून दुसरे चित्र काढले आहे: मुलांचे लक्ष उडाले, टोमणे झाले, गणिताच्या एका शिक्षकाचा तास मेरी बेथशी झालेल्या वादात जवळजवळ वाया गेला. बहुमत ज्याला व्यत्यय मानत नाही, त्यालाच ते व्यत्यय म्हणतात. दोन्ही बाजूंनी कोणती तथ्ये पुढे आणली आणि कोणती मागे ठेवली, हे शेजारी शेजारी लिहून काढा. या अभ्यासात हे काम टाळू नये असे आहे. विरोधी मत वाचल्यावाचून बहुमताचा कमकुवत दुवा सापडत नाही, आणि पुढच्या खटल्यातला वकील नेमका तिथेच बोट घालतो.

टिपण एका पानाचे

प्रत्येक खटल्याचे टिपण तीन-चारशे शब्दांत बसवा. त्यात नाव, उद्धरण आणि मतांची विभागणी, चार-पाच वाक्यांत तथ्ये, कनिष्ठ न्यायालयांत काय झाले, प्रश्न, उत्तर, कारणे, कसोटी, स्वतंत्र सहमती (निकाल मान्य, पण कारणे वेगळी) आणि विरोध, आणि शेवटी रिकामी जागा, पुढच्या खटल्यांनी या निकालाचे काय केले ते लिहायला. ही जागा ठेवायला विसरू नका. टिपण दोन पानांच्या पुढे गेले, तर बहुतेक वेळा तुम्ही निकालातली वाक्ये उतरवलेली असतात. स्वतःच्या मराठीत लिहा, पण कसोटीचे मूळ इंग्रजी शब्द मात्र जसेच्या तसे आणि पान क्रमांकासह ठेवा, कारण पुढचे सगळे वाद त्या शब्दांवर होतात.

साखळी पुढे न्या

आता ‘टिंकर’चे पुढचे दुवे. ‘बेथेल विरुद्ध फ्रेझर’मध्ये (१९८६) शाळेच्या सभेतल्या अश्लील सूचक भाषणाबद्दलची शिक्षा टिकली. ‘हेझलवूड’मध्ये (१९८८) शाळेच्या वृत्तपत्रातून मुख्याध्यापकाने पाने काढली तेही टिकले, कारण ते वृत्तपत्र शाळेचाच उपक्रम होते. ‘मोर्स विरुद्ध फ्रेडरिक’मध्ये (२००७) अमली पदार्थांना उत्तेजन देणारा वाटेल असा फलक शाळेला उतरवता आला. आणि ‘महनॉय’मध्ये (२०२१) शनिवार-रविवारी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर टाकलेल्या शिवराळ मजकुरासाठी विद्यार्थिनीला चिअरलीडिंगच्या संघातून काढले, ते आठ विरुद्ध एक मतांनी घटनाबाह्य ठरले. यातल्या एकाही निकालाने ‘टिंकर’ रद्द केलेला नाही. तरीही आज ‘टिंकर’ एकटा वाचणाऱ्याला कायदा चुकीचाच कळेल.

हीच रीत इतर प्रश्नांना लावा. भाषणावर ‘शेंक’ आणि ‘एब्रम्स’ (दोन्ही १९१९), ‘गिटलो’ (१९२५), ‘व्हिटनी’ (१९२७), ‘डेनिस’ (१९५१), ‘ब्रँडनबर्ग’ (१९६९) या क्रमाने वाचा. ‘एब्रम्स’मधले न्यायमूर्ती होम्स यांचे विरोधी मत आणि ‘व्हिटनी’मधले न्यायमूर्ती ब्रँडाइस यांचे स्वतंत्र मत त्या वेळी कायदा नव्हते. ‘ब्रँडनबर्ग’ने ‘व्हिटनी’ रद्द करून नजीकच्या बेकायदा कृत्याला चिथावणी देणारे आणि तसे घडण्याची शक्यता असलेले भाषणच दंडनीय ठरवले, तेव्हा त्या जुन्या मतांचे वजन कळते. गोपनीयतेवर ‘ओल्मस्टेड’ (१९२८), ‘कॅट्झ’ (१९६७), ‘कार्पेंटर’ (२०१८). ‘कॅट्झ’ची कसोटी म्हणून आज जी सांगतात (गोपनीयतेची वाजवी अपेक्षा होती का), ती न्यायमूर्ती हार्लन यांच्या स्वतंत्र सहमतीतून आली, बहुमताच्या मतातून नाही. वकिलाच्या हक्कावर ‘पॉवेल’ (१९३२), ‘बेट्स’ (१९४२), ‘गिडियन’ (१९६३). तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहिणाऱ्या गिडियनची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे वकील म्हणजे पुढे ‘टिंकर’चा निकाल लिहिणारे एब फोर्टास.

आपल्या वाचकांना एक साखळी विशेष जवळची वाटेल. ‘गोबायटिस’मध्ये (१९४०) यहोवाज विटनेस पंथाच्या मुलांवरची ध्वजवंदनाची सक्ती न्यायालयाने मान्य केली आणि तीनच वर्षांत ‘बार्नेट’मध्ये (१९४३) स्वतःचा निर्णय फिरवला. केरळमध्ये त्याच पंथाच्या तीन मुलांना राष्ट्रगीत गायले नाही म्हणून शाळेतून काढले गेले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘बिजो इमॅन्युएल’मध्ये (१९८६) या अमेरिकन निकालांची चर्चा केली आणि मुलांच्या बाजूने निकाल दिला, पण आधार घेतला तो आपल्या अनुच्छेद १९ आणि २५चा. परदेशी निकाल इथे मार्गदर्शक ठरतो, बंधनकारक होत नाही. तिन्ही निकाल एकापाठोपाठ वाचा.

चुका कुठे होतात

प्रासंगिक वाक्याला कायदा मानणे ही सर्वांत मोठी चूक. नाट्यगृहात खोटीच ‘आग’ म्हणून ओरडण्याचे उदाहरण ‘शेंक’मध्ये ओघात आले आहे. खटला होता सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्धच्या पत्रकांचा. उद्धृत करताना लोक ‘खोटीच’ हा शब्दही गाळतात, आणि ‘ब्रँडनबर्ग’नंतर ‘शेंक’ची (स्पष्ट आणि तत्काळ धोक्याची) कसोटी उरलेली नाही हे तर सांगतच नाहीत.

निकालाच्या शेवटचा आदेश न वाचणे ही दुसरी. ‘फिरवून परत पाठवले’ म्हणजे माणूस सुटला असे होत नाही. ‘मिरांडा’ (१९६६) खटल्यातल्या मिरांडावर पुन्हा खटला चालला आणि तो दोषी ठरला. गिडियन फेरखटल्यात निर्दोष सुटला. ‘मिरांडा’बद्दलचा आणखी एक गैरसमज असा की गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क पोलिसांनी वाचून न दाखवल्यास अटकच बेकायदा होते. मुद्दा आहे कोठडीतल्या चौकशीत दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरण्याचा.

सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला, तर खालचा निकाल त्याला मान्य आहे असा अर्थ काढू नका. नऊपैकी चार न्यायमूर्तींनी होकार दिला तरच प्रकरण दाखल होते, आणि नकाराची कारणे बहुधा दिली जात नाहीत. नावांचा क्रमही फसवतो: वरच्या न्यायालयात आलेल्याचे नाव आधी येते. ‘महनॉय’मध्ये दावा विद्यार्थिनीने लावला होता, पण खाली हरलेली शाळा वर गेली म्हणून शाळेचे नाव पुढे आहे. आणि पाच मते एकाच कारणावर जुळली नसतील, तर निकाल ‘प्लुरॅलिटी’ असतो. तिथे ‘मार्क्स’ (१९७७) खटल्याप्रमाणे निकालाला पाठिंबा देणाऱ्यांचा सर्वांत अरुंद आधार धरायचा. हे काम अवघड आहे, पहिल्या काही महिन्यांत असे खटले बाजूला ठेवा.

खटला आजही जिवंत आहे का, हे तपासल्याशिवाय तो कुठेही वापरू नका. गर्भपाताच्या हक्काबद्दलचा १९७३चा ‘रो’ जवळजवळ पन्नास वर्षे उभा होता, २०२२च्या ‘डॉब्स’ने तो रद्द केला. जुन्या पाठ्यपुस्तकात तो अजूनही कायदा म्हणून भेटेल. वकिलांकडे यासाठी सशुल्क सेवा असतात. विनाशुल्क करायचे तर गूगल स्कॉलरवर त्या खटल्याला उद्धृत करणारे निकाल उघडा, ते नव्यापासून जुन्याकडे लावा आणि सर्वोच्च न्यायालयाचे आधी वाचा.

चालू सत्राचा अभ्यास

दोन-तीन साखळ्या झाल्या की नव्या खटल्याकडे वळा. न्यायालयाचे सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी सुरू होते आणि मोठे निकाल बहुधा जूनच्या अखेरीस येतात. सत्राच्या सुरुवातीला तुमच्या साखळीशी जुळणारा एकच प्रलंबित खटला निवडा. अपील न्यायालयाचा निकाल वाचा, दोन्ही बाजूंची लेखी निवेदने वाचा, युक्तिवाद ऐका, आणि निकाल येण्याआधी तो कसा लागेल व कोणत्या कसोटीवर, हे अर्ध्या पानात लिहून तारीख टाका. निकाल वॉशिंग्टनच्या सकाळी दहापासून जाहीर होऊ लागतात. जूनमध्ये तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. बातम्या उघडण्याआधी मूळ फाइल उतरवून घ्या, सिलॅबस ओलांडा आणि बहुमताच्या मतातला कसोटीचा परिच्छेद आपल्या अर्ध्या पानाशेजारी ठेवून वाचा.